कागद पडला की पाणी पाहिजे

शेततळ्यात उतरायचं असेल तर आधी चपला काढायच्या. हा माझा नियम, आणि आयुष्यात मला जो पाळून घेता आला असा बहुधा एकमेव. बायकांनी जोडव्यांवर रुमाल बांधायचा. नारळ फोडायचा तो बांधावर, आत नाही. तळाचं प्लास्टिक फाटायला करवंटीची एक कपची पुरते. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना मी बूट काढायला लावले. मोज्याला भोक होतं. त्यांनी सगळी तपासणी अंगठा दुमडून केली आणि घाईघाईनं सही करून निघून गेले. तेव्हापासून मी साहेबलोकांना आधी बूट काढायला लावतो, मग कागदपत्रं दाखवतो.

मी शेततळ्यांना कागद घालतो. कागद म्हणजे जाड प्लास्टिक. आमच्या नगर जिल्ह्यात त्याला कागदच म्हणतात. (जिल्हा आता अहिल्यानगर झाला, जीभ अजून नगरलाच आहे.) जमिनीत मोठा चौकोनी खड्डा खणायचा, निघालेल्या मातीचा चौफेर बांध घालायचा, दगडगोटे वेचायचे आणि आतून कागद अंथरायचा. कागदाच्या पट्ट्या गरम मशीननं एकमेकींना चिकटवायच्या, कडा बांधावरच्या चरात पुरायच्या. झालं तळं. पाणी खाली मुरत नाही. माझी मुलगी लहान असताना शाळेत बाईंनी विचारलं, "बाबा काय करतात?" तर म्हणाली, "जमिनीला डायपर घालतात." घरात सगळे हसले. मीही हसलो. आता हसू येत नाही, कारण पोरीनं माझ्या धंद्याची जी व्याख्या केली तितकी नेमकी व्याख्या सरकारी माहितीपत्रकात नाही.

माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की शेततळं पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्यासाठी. त्यासाठी अनुदान. वाचायला फार छान वाटतं. पण ज्या तळ्यांना मी कागद घातला त्यातल्या बहुतेकांना चारी बाजूंनी पुरुषभर उंच बांध. वाहतं पाणी आत येणार कुठून? पाणी चढ चढत नाही, हे चौथीतल्या पोराला कळतं. आभाळातून सरळ आत पडेल तेवढाच पाऊस, आणि त्यातला निम्मा उन्हाळ्यात परत आभाळात. मग ही तळी भरतात कशानं? विहिरीनं आणि बोअरनं. जमिनीच्या पोटातलं पाणी उपसून वर उन्हात ठेवायचं, आणि ते खाली परत जाऊ नये म्हणून कागद घालायला मला बोलवायचं. ह्याला आम्ही जलसंधारण म्हणतो. म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, जी बाहेरच्यांना माहीत नसते. कागद अंथरला की तो रिकामा ठेवता येत नाही. आपल्याकडचा उन्हाळी वारा त्याच्या पोटात शिरला की एकरभर प्लास्टिक भाकरीसारखं फुगतं आणि उडतं. वाळूच्या गोण्यांना तो जुमानत नाही. तळात निदान गुडघाभर पाणी हवं. आणि खोदाईची कामं होतात उन्हाळ्यात, शेत मोकळं असताना. म्हणजे पावसासाठी केलेल्या तळ्यात पहिलं पाणी पावसाचं असूच शकत नाही. माझं गिऱ्हाइकाला ठरलेलं वाक्य होतं, "कागद पडला की त्याच दिवशी पाणी पाहिजे, दादा. नसलं तर मला बोलवू नका." किती जणांना म्हणालो असेन, मोजलं नाही. हे वाक्य मी माझ्या थोरल्या बहिणीच्या गावात जाऊन म्हणालो, आणि मला त्याचाच राग आहे. बाकीचा राग सरकारवर आहे, पण तो दुसऱ्या नंबरला.

अक्काचं गाव पारनेर तालुक्यात, कोरड्या बाजूला. गावानं स्वतःच एक कायदा केला होता: शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. प्यायला चालेल, तोही सभेला विचारून. गावातले निवृत्त गुरुजी दर दिवाळीला दोरीला दगड बांधून तीन विहिरींचं पाणी मोजायचे आणि मारुतीच्या देवळातल्या फळ्यावर लिहायचे. पाणी बरं असेल तर कांदा, नसेल तर ज्वारी-हरभरा. दंड नव्हता, पोलीस नव्हता. एकदा एकानं गुपचूप बोअरची गाडी मागवली, तर खालच्या वस्तीच्या बायका हंडे घेऊन वाटेत बसल्या. त्यात अक्का होती. गाडी तशीच मागं गेली. वस्तीची दहाबारा घरं आणि त्यांची जनावरं एकाच दगडी विहिरीवर. अक्काच्या पाच गाई त्या पाण्यावर, आणि अक्काचं घर त्या पाच गाईंवर.

अशा गावात तात्यांनी शेततळं मंजूर करून आणलं. तात्या म्हणजे वस्तीच्या वरच्या अंगाला ज्यांची डाळिंबं आहेत ते. माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. वाईट असता तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. कागदाचं काम त्यांनी मला दिलं, कारण मी गावचा पाहुणा. मी आणि रफिकभाई मशीन घेऊन गेलो. रफिकभाई माझे जोडीदार; चिकटवलेल्या शिवणीवरून नुसतं बोट फिरवून कुठं कच्ची आहे ते सांगतात. दुपारी काम संपलं. मी म्हणालो, "तात्या, सोडा पाणी."

"पानी? पाऊस पडल्यावर येतंय की."

"पावसाला दोन महिने आहेत. तोवर कागद राहायचा नाही."

"मंग आदी का न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं, फोनवर. पण हे गाव बिनबोअरचं, इथं पाणी आणणार कुठून, हा विचार मी केला नव्हता. तिसऱ्या दिवशी भरदुपारी वारा सुटला आणि अर्धा कागद बांधावरून उठून बाभळीवर जाऊन बसला. तात्यांचा चेहरा बघवेना. काम पूर्ण झाल्याचा फोटो गेल्याशिवाय अनुदान नाही, आणि फोटोत पाणी दिसायला हवं असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं.

मग सभा भरली. तात्यांना सभेत बोलता येत नाही. मला येतं, आमच्या घरात लग्नाची बोलणी करायला मलाच पुढं करतात. मी देवळात उभा राहिलो आणि बोललो. काय बोललो! एका माणसाचं नुकसान म्हणजे गावाचं नुकसान. एकदाच परवानगी द्या. तळं एकदा भरलं की बोअरचं तोंड बंद.

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. "बंद कोण करणार?"

"मी जामीन," मी म्हणालो.

लोक हसले. टाळ्यासुद्धा वाजल्या. अक्का मागं बायकांत बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. पुढं कितीतरी दिवसांनी मी तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, "भाऊ हुबा हुता म्हनून गप बसले. दुसरा कोनी आस्ता तर हंडाच घातला आस्ता डोक्यात."

बोअर झाला. कायद्यानं ठरवून दिलेल्या खोलीच्या कितीतरी खाली गेला. हो, तसा कायदा आहे; ठरावीक खोलीच्या खाली जायला बंदी आहे. बोअरच्या गाडीवाल्याला मी विचारलं तर म्हणाला, "मला तर पहिल्यांदाच कळतंय." कागद परत अंथरला, तळं भरलं, निळंशार दिसायला लागलं. फोटो घ्यायला कृषी खात्याची एक तरुण मुलगी आली, चप्पल न सांगता काढून उभी राहिली. हुशार मुलगी. इकडंतिकडं बघून हळूच मला म्हणाली, "काका, हे पाणी बोअरचं आहे ना?"

"हो. लिहायचं असेल तर लिहा."

"कुठं लिहू? पाणी कुठून आलं हा रकानाच नाही फॉर्ममध्ये."

हे वाक्य मी अजून विसरलो नाही. लांबी, रुंदी, खोली, कागदाची जाडी, सगळ्याला रकाने. ज्याच्यासाठी हे सगळं, त्या पाण्याला नाही.

सरकारला दोन वाक्यं बोलता येतात. एक, "हे कर, पैसे देतो." दुसरं, "हे करू नको, दंड करतो." पहिलं वाक्य वाडीवस्तीवर मोठ्यानं ऐकू येतं, त्याला बोर्ड असतो, मेळावा असतो, चहा असतो. दुसरं वाक्य कचेरीच्या कपाटात खोकत पडलेलं असतं. आणि गावानं स्वतःचं जे तिसरं वाक्य तयार केलं होतं, "आपण करायचं नाही बरं का," त्यात पैसेही नव्हते आणि दंडही नव्हता. ते पहिल्या वाक्यासमोर टिकलं नाही. टिकू द्यायला हवं होतं. मी त्याच्या पायाखालची वीट काढली.

कारण दुसऱ्या वर्षी वरच्या आळीतले चौघं सभेत उभे राहिले. "तात्यांना चाललं, मग आमी काय पाप केलंय?" त्यांनाही परवानगी मिळाली. तळं आलं की बोअर आला, बोअर आला की कागद आला, कागद आला की मी आलो. तीन उन्हाळे त्या एका गावात मला काम पुरलं. मी दुसरं मशीन घेतलं. अक्काकडं उतरायचो, पुरणपोळी खायचो आणि ढेकर देऊन म्हणायचो, "गाव सुधारलं गं." तात्यांच्या बोअरचं तोंड बंद करायचं राहून गेलं. जामीन माणसाला ते आठवलंसुद्धा नाही. गुरुजींनी फळ्यावर लिहिणं सोडलं; वाचायला कुणी थांबेना.

मग एका माघात अक्काचा फोन. "बापू, येताना ड्रम घिऊन ये."

मला वाटलं धान्याला हवा असेल. रिकामा ड्रम घेऊन गेलो. तिनं त्याच्यात डोकावून बघितलं, मग माझ्याकडं. "आरं, पान्याचा!"

विहिरीत चिखल होता. वर चढावर माझी तळी उन्हात चमकत होती, ओळीनं. माझ्या पिकअपमधून मी दुसऱ्या गावचं पाणी आणून दिलं. अक्कानं त्याच पाण्याचा चहा केला आणि कप माझ्यासमोर आदळला. "पी. तुझंच हाय."

मी तक्रार द्यायला गेलो. माझ्याच गिऱ्हाइकांविरुद्ध, सहीनिशी. पहिल्या कचेरीत म्हणाले, बोअरचं दुसरीकडं. दुसऱ्या कचेरीतले साहेब सज्जन होते, खुर्ची दिली. "कायदा आमच्याकडे आहे," ते म्हणाले, "गाडी नाही. माणसं नाहीत. तहसीलमधून पत्र आलं तर बघू." पत्रासाठी पुन्हा पहिल्या कचेरीत. तिथल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि विचारलं, "तुम्ही करता काय?"

"शेततळ्याला कागद घालतो."

तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची बाई उठून बघायला आली. त्याच्या पाठीमागं भिंतीवर नव्या योजनेचं पोस्टर होतं. निळंशार तळं, फेटेवाला शेतकरी. शपथ घेऊन सांगत नाही, पण शिवण रफिकभाईंची वाटली.

मला कुणी सांगू नये, की लोकांना बक्षीस दिलं की ते सुधारतात, किंवा लोकांवर बडगा उगारला की ते सुधारतात. दोन्हीकडचे विद्वान व्याख्यानं देतात. मी दोन्ही बघितलं. बक्षीस मिळालं खड्ड्याला, पाण्याला नाही. बडगा होता तो कपाटात. आणि दोघांची एकमेकांशी ओळख नव्हती. एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, दहा पावलांवर बसून ओळख नव्हती!

यंदाच्या चैत्रात मात्र चमत्कार झाला. अक्काचा फोन: विहिरीला पाणी आलं. भर उन्हाळ्यात, चार पायऱ्या वर. वस्तीनं म्हसोबाला नारळ फोडला. गाई पोटभर प्यायल्या. मला इतका आनंद झाला की मी दिवसभर घरात सगळ्यांशी गोड बोललो, बायकोनं विचारलं, "ताप आहे का?"

आठवड्यानं तात्यांचा फोन. "पाव्हणं, तळं गळतंय. झटक्यात या."

फाटका कागद शोधायची एक रीत आहे. काही करायचं नाही, थांबायचं. पाणी भोकापर्यंत उतरतं आणि तिथं थांबतं. तात्यांचं तळं निम्म्यावर थांबलं होतं. रफिकभाई दोर धरून उतरले, पाण्याच्या रेषेवरून हात फिरवत गेले, वस्तीकडच्या बाजूला थांबले आणि हसायला लागले. घुशीनं बाहेरून बांध पोखरून कागद कुरतडला होता. मूठ जाईल एवढं भोक.

मी बांधावरून खाली बघितलं. ओल दिसत होती. बांधापासून उतारानं खाली, हिरव्या गवताची एक पट्टी, थेट वस्तीच्या विहिरीकडं.

"बापूभाई," रफिकभाई खालून म्हणाले, "ह्या घुशीला ग्रामपंचायतीवर घ्या. एवढं काम कुनीच केलेलं न्हाई."

मी तात्यांना सांगितलं सगळं. अक्काची विहीर, ओल, घूस. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "पॅच मारताय का न्हाई, येवढं सांगा."

"तात्या, हे पाणी मुळात खालच्यांचंच आहे. मी जामीन राहिलो होतो. बोअर बंद करा, मग मारतो."

"आन् बाकीच्यांचं? त्यांची तळी भरल्याली ऱ्हावीत, माझंच गळावं, ह्यो कुठला न्याव? समद्यांवर नेम लावा, मी पयला बंद करतो. एकट्यावर लावायचा आसंल तर घरी जावा तुमी."

हे उत्तर मला आवडलं नाही, कारण ते बरोबर होतं.

"मी सभेत बोलतो," मी म्हणालो.

"बोला की. मागं बोललाच हुता. त्याचंच फळ हाय हे," तात्या म्हणाले आणि भोकाकडं बोट केलं.

मशीन परत गाडीत टाकलं. वीस वर्षांत गळतं तळं सोडून मी पहिल्यांदा निघालो. पारनेर आल्यावर रफिकभाई म्हणाले, "बरं केलं." मग थोड्या वेळानं, "काई उपेग न्हाई, पन बरं केलं."

सभेच्या दिवशी मी देवळात गेलो. गुरुजी आले, अक्का आली, वस्तीच्या बायका आल्या. तळीवाले कुणी आले नाहीत. कोरम भरला नाही म्हणून सभा तहकूब झाली. मी भाषण पाठ करून गेलो होतो. ते तसंच घेऊन परत आलो.

दोन दिवसांनी तात्यांनी दुसऱ्या तालुक्यातून एक कागदवाला आणला. तासाभरात पॅच मारून तो गेला. चांगला मारला असं रफिकभाई म्हणतात, म्हणजे चांगलाच असणार. बोअर रात्रंदिवस चालवून तळं पुन्हा भरलं. वस्तीच्या विहिरीनं पंधरा दिवस धीर धरला, मग पुन्हा चिखल.

माझ्या नकाराचं मला कौतुक वाटत होतं, ते त्या पंधरा दिवसांत उतरलं. एका कागदवाल्यानं नाही म्हणणं म्हणजे कायदा नव्हे. दुसरा कागदवाला असतोच. ज्यांच्याकडं नाही म्हणायचा शिक्का आहे त्यांनी म्हणायला हवं होतं, आणि ज्यांच्याकडं हो म्हणायची तिजोरी आहे त्यांनी आधी विचारायला हवं होतं, की बाबा, पाणी कुठलं? एक रकाना. एवढा एक रकाना छापायला किती शाई लागते?

पाच गाईंना ड्रमचं पाणी पुरेना. दोन विकायच्या ठरल्या. दाजींच्यानं बघवणार नाही म्हणून अक्का आणि मी काष्टीच्या बाजारात गेलो. गर्दी होती, पाणी तुटलेल्या गावांची जनावरं होती बरीच. श्रीगोंद्याकडचा एक माणूस आला. दात बघितले, कास बघितली, पाठीवरून हात फिरवला.

"खोट काय हाय? चांगली गाय का इकताय, मावशी?"

"गाईत न्हाई खोट," अक्का म्हणाली. "हिरीत हाय."

"मंग शेततळं करा की! सरकार पैसं देतंय."

अक्कानं माझ्याकडं मान वळवली. "ह्यो माझा भाऊ. शेततळीच करतो."

त्या माणसाचा चेहरा उजळला. "आरं वा, पाव्हणं! मला औंदा करायचंच हाय. नंबर द्या."

मी विचारलं, "पाऊस आत यायला वाट ठेवणार का?"

तो खळखळून हसला. "पावसाच्या भरवशावर कोन तळं करतंय? दोन बोअर हायेत माझं."

अक्कानं सौदा उरकला, दोन्ही गाईंची दावी त्याच्या हातात दिली आणि मागं न बघता गाडीकडं चालायला लागली. मी नंबर दिला नाही. त्यानं शेजारच्या शेतकऱ्याला विचारला. त्याच्या मोबाईलमध्ये होता.